‘आईसाठी’ लिहिलेल्या भिंती

१

चमचे सापडले तेव्हा मी मिस फिलोच्या घराच्या पोटमाळ्यावर उताणी पडून एसीची तांब्याची कॉइल उपसत होते. खालून लर्लीनची किंकाळी आली आणि माझ्या हातातला पाना माझ्याच कपाळावर आपटला. त्याची खूण अजून आहे, विचारलंत तर दाखवीन.

मी झुल्मा सेर्पास. लुइझियानातल्या सेंट बर्नार्डमध्ये एकतीस वर्षं एसी आणि फ्रीज दुरुस्त करतेय. आधी नवरा करायचा. तो गेला आणि गाडी, शिडी, गिऱ्हाइकं आणि त्याची पाठदुखी असं सगळं माझ्याकडे आलं. मिस फिलो, म्हणजे फिलोमेन एस्तोपिनाल, माझं जुनं गिऱ्हाईक; आमच्याकडे लग्न झालेल्या थोर बाईलाही मिसच म्हणतात. आदल्याच दिवशी तिला मूठमाती देऊन आलो होतो. घरात आता तिची मुलगी लर्लीन एकटी राहणार होती आणि एसी तिसऱ्यांदा मेला होता, म्हणून मी माळ्यावर.

खाली आले तर मागच्या खोलीत ही गर्दी. ही खोली व्हर्नाची. व्हर्ना ट्युरो दोन वर्षं मिस फिलोची सेवा करत होती, रात्री इथंच झोपायची. गादी उलटी पडली होती. लर्लीन पलंगाच्या कडेला बसली होती, मांडीवर एक जुना उशीचा अभ्रा आणि त्यात चांदीचे बारा चमचे. दोनशे वर्षांपूर्वी कॅनरी बेटांवरून आलेल्या पणजीच्या पणजीचे. चार वर्षांपूर्वीच्या वादळात मिस फिलोनं घर सोडलं, गाडी सोडली, पण हे चमचे पोटाला बांधून छपरावर बसली होती. ते ईस्टरच्या दिवशी नाहीसे झाले, ते आज ऑक्टोबरात निघाले.

“व्हर्ना, जरा आत ये,” रॉइस म्हणाला.

रॉइस म्हणजे थोरला मुलगा. धिप्पाड माणूस, आवाज मात्र लोण्यासारखा. चर्चमध्ये दानाची थाळी हाच फिरवतो. वादळानंतर आईचं घर त्यानं स्वतःच्या हातांनी, फुकट बांधून दिलं. आमच्याकडच्या आया आपल्या दिवट्यांना त्याचं उदाहरण द्यायच्या.

व्हर्ना आपलं सामान न्यायला आली होती. तिला व्हरांड्यातच उभं केलं होतं. ती दारात आली.

“हे काय आहे?”

“चमचे.”

“तुझ्या गादीखाली.”

“माझ्या गादीखाली सहा दिवसांत काय आलं ते मला काय ठाऊक, मिस्टर रॉइस? मिस फिलोनं डोळे मिटले त्याच दिवशी तुम्ही घराचं कुलूप बदललंत. चावी तुमच्याकडे.”

“चोर तर चोर, वर शिरजोर,” रॉइस हळूच म्हणाला. त्यानं शेरीफच्या ऑफिसला आधीच फोन लावला होता. “सहा दिवसांचं कसलं घेऊन बसलीस? ईस्टरपासून आहेत ते इथं. आईच्या उशाशी बसून तिला सूप पाजायचीस आणि तिच्याच चमच्यांवर झोपायचीस.”

व्हर्नानं चमच्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं आणि तिचं तोंड उघडलं, पण तेवढ्यात डेप्युटी कँट्रेल बेड्या घेऊन आला. तो रॉइसचा शाळेतला मित्र. बेड्या घालताना त्यानं रॉइसच्या खांद्यावर हात ठेवला, व्हर्नाच्या नाही.

ती गेल्यावर मी तिथंच उभी राहिले. माझ्या हातात काढलेली कॉइल होती, काजळीसारखी काळी. पलंगाच्या खुंटाला व्हर्नाचं चांदीचं पदक लटकत होतं, मारियामातेचं. तेही काळं ठिक्कर. आणि मध्ये लर्लीनच्या मांडीवर बारा चमचे, इतके लखलखीत की खिडकी त्यांत दिसत होती. काहीतरी चुकत होतं आणि कपाळ ठणकत असल्यामुळे मला ते सापडेना.

२

जामीन झाल्यावर व्हर्ना बहिणीकडे राहायला गेली. मी गेले तेव्हा ती राजमा शिजवत होती. सोमवार होता, सोमवारी आमच्याकडे राजमा-भातच असतो, घरात कोणी मेलेलं असो की तुरुंगातून आलेलं.

“बसा, मिस झुल्मा. कपाळाला काय झालं?”

“तुझ्या चमच्यांनी मारलं. वकील काय म्हणतो?”

“म्हणतो, कबूल कर. कबूल केलं तर तुरुंग नाही, पण माझं सर्टिफिकेट जाणार. म्हणजे पुन्हा कुठल्या पेशंटला हात लावता येणार नाही. नाही कबूल केलं तर पाच वर्षं आत.” तिनं डाव जोरात फिरवला. “बावन्न वर्षांची आहे मी. म्हाताऱ्या माणसांना उचलणं आणि पुसणं याशिवाय मला काही येत नाही. तीन नोव्हेंबरला मंगळवारी सांगायचंय.”

“मग मला सांग. चमचे पाहून तू माझ्याकडे का पाहिलंस?”

“कारण तुमच्या हातात ती कॉइल होती.” तिनं गॅस बारीक केला. “चमचे शेवटचे मीच घासले, पवित्र शनिवारी. सोडा आणि गरम पाणी. दुसऱ्या दिवशी ईस्टरच्या जेवणाला सगळ्यांनी पाहिले, कसे आरशासारखे होते. संध्याकाळी डबा उघडला तर रिकामा. पण मिस झुल्मा, त्या घरात चांदी पंधरा दिवस पांढरी राहत नव्हती. मी दर महिन्याला घासत होते. माझं पदक बघितलंत ना? दर रविवारी घासायचे.”

“ते रिफायनरीमुळे,” मी सवयीनं म्हणाले.

व्हर्ना हसली. ते हसू बरं नव्हतं. ओट्यावरचा चांदीचा चमचा उचलून तिनं माझ्या नाकासमोर धरला. बहिणीच्या लग्नातला, स्वच्छ. खिडकीतून रिफायनरीच्या चिमण्या दिसत होत्या, मिस फिलोच्या घरापेक्षा कितीतरी जवळ.

मला शरम वाटली. आमच्या गावात कुठंही सडका वास आला की आम्ही रिफायनरीला शिव्या घालतो आणि खिडकी लावून घेतो. वडील हेच करायचे, आजोबा हेच करायचे. मिस फिलो दोन वर्षं सांगत होती की घरात सडक्या अंड्यांचा वास येतो. मी दोनदा कॉइल बदलली, दोन्ही वेळा काळी निघाली, दोन्ही वेळा मी म्हणाले, “रिफायनरी, दुसरं काय!” दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आणि एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. रॉइसनं गावभर सांगितलं की आईचा मेंदू गेलाय, तिला नसलेले वास येतात. मग लोक तिला चर्चच्या दारात विचारायचे, “काय मिस फिलो, आज कोंबडीनं किती घातली?” तिचं नावच पडलं होतं, अंडीवाली. मीही म्हणायचे.

“हे वाचा,” व्हर्ना म्हणाली.

तिनं पर्समधून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. वादळानंतर भिंतींना लावायच्या जिप्सम बोर्डांचा तुटवडा पडला, परदेशातून जहाजं भरून बोर्ड आले, त्यांतल्या काहींतून गंधकाचा वायू सुटतो. तांब्याच्या तारा काळ्या होतात, एसी बंद पडतात, चांदी काळवंडते. माणसांचं डोकं दुखतं, नाकातून रक्त येतं, दम लागतो.

“हे मी मिस फिलोला ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी दाखवलं. ती रडली हो. म्हणाली, म्हणजे मी वेडी नाही! तिथल्या तिथं तिनं मिस्टर रॉइसला फोन करून वाचून दाखवलं. म्हणाली, भिंत फोडून बघू या.”

“आणि पुढच्या रविवारी चमचे गेले.”

“आणि पुढच्या रविवारी मी चोर झाले. पण मिस फिलोनं ऐकलं नाही कुणाचं. म्हणाली, व्हर्ना गेली तर मी पण जाते. मग भिंतीचं राहूनच गेलं.”

मी राजमा-भात खाल्ला, दुसऱ्यांदाही घेतला. आता मला सगळं स्वच्छ दिसत होतं. चमचे सहा महिने त्या गादीखाली असते तर पदकासारखे काळे झाले असते. ते दुसऱ्याच कुठल्यातरी घरात होते, जिथली हवा निरोगी आहे. मिस फिलो गेल्यावर कोणीतरी ते आणून ठेवले. व्हर्ना तेव्हा कुलपाबाहेर होती. आत जाणारी माणसं तीन, रॉइस, लर्लीन आणि धाकटा नोलन.

३

लर्लीनपासून सुरुवात केली, कारण तिच्याकडे कॉफी चांगली मिळते.

लर्लीन शाळेच्या कँटीनमध्ये काम करते. लग्न केलं नाही. सत्तेचाळीस वर्षं आईच्या आणि रॉइसच्या शब्दात. ती आईच्या घरातच राहायची. तिच्या कानातल्या चांदीच्या बाळ्या काळ्या पडलेल्या मी पाहिल्या आणि तिचं नाव मनातून खोडलं. तिनं चमचे लपवले असते तर याच घरात लपवले असते.

“आईला खरंच वास यायचा गं,” ती म्हणाली. “रोज संध्याकाळी विचारायची, ‘लर्लीन, तुला येतो का?’ रॉइसनं मला बजावलं होतं, हो ला हो करू नकोस, वेड वाढतं. मी नाही म्हणायचे. मग ती रुमालानं नाक दाबून बसायची. रुमालाला रक्त असायचं.”

“तुला यायचा का वास?”

“मला मेलीला बारा महिने सर्दी.” ती कप विसळायला उठली.

नोलनचं घर कालव्यापलीकडे. नोलन कोळंबी पकडायचा, आता दारू पितो. एकदा त्यानं आईच्या होडीचं इंजिन गहाण टाकलं होतं, त्यामुळे गावात काहीही हरवलं की लोक आधी त्याच्याकडे बघतात.

“आलीस?” तो म्हणाला. “वाटच बघत होतो. डेप्युटीच्या आधी येशील असं वाटलं नव्हतं.”

“चमचे तू घेतलेस का रे?”

“घेतले असते तर परत ठेवले असते का? एवढा सज्जन दिसतो मी?”

“होडीवर लपवले असशील.”

“होडी कुठाय? फेब्रुवारीतच विकली. आता हे घर तेवढं आहे, तेही रॉइसनं बांधून दिलेलं. मी पैसेसुद्धा विचारले नाहीत, त्यानं सांगितले नाहीत. माझ्यासारख्या दारुड्यासाठी कोण करतं एवढं?”

मी त्याच्या बापाच्या पट्ट्याचं चांदीचं बक्कल मागितलं. त्यानं खण उघडून दिलं. कोळसा परवडला. या घराची कॉइलही मी दोनदा बदलली होती. नोलनच्या घरात बारा चमचे सहा महिने राहिले असते तर तेही असेच निघाले असते.

राहिला रॉइस. आता सरळ जाऊन विचारायला मी वेडी नव्हे. मी म्हणाले, थंडीच्या आधी एसी साफ करून देते, तुझ्या आईच्या नावानं, फुकट. फुकट म्हटल्यावर रॉइसनं दार पूर्ण उघडलं.

त्याची बायको गेनेल गोड बाई आहे. जरा जास्तच गोड. तिनं मला भिंतीवरच्या चांदीच्या चौकटी दाखवल्या, लग्नातल्या. सगळ्या लखलखीत.

“घासतेस केव्हा एवढं?”

“छे! नाताळला एकदा फडकं मारते, बास.”

“बायका चांदीचं फार कौतुक करतात,” रॉइस हसत म्हणाला. “मी तर बाबा जन्मात चमचा घासला नाही. आई हात लावू द्यायची नाही.”

मी माळ्यावर चढले. कॉइल उघडली. तांबं टांकसाळीतून आत्ताच निघालेल्या एका सेंटच्या नाण्यासारखं लाल होतं. खाली उतरले तर रॉइस शिडीपाशीच उभा.

“तुझ्या मनात काय आहे ते मला कळतंय, झुल्मा. ती व्हर्ना कात्रणं वाटत फिरतेय. पण हे बघ, तिन्ही घरांचे बोर्ड एकाच ट्रकमधले. आईचे, नोलनचे, माझे. बोर्ड खराब असते तर मी माझ्या बायकोला त्यात झोपवलं असतं का?”

आवाज तसाच, लोण्यासारखा. मग तो जरा खाली वाकला.

“आईनं दोन वर्षं माझा जीव खाल्ला या वासापायी. मेली बिचारी, सुटली. आता तू सुरू करू नकोस. भिंतीला हात लावलास तर तुला या गावात एकही एसी उघडू देणार नाही मी.”

४

धमकी दिली नसती तर कदाचित मी थांबलेही असते. माझा स्वभावच वाईट.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी लर्लीनचा फोन आला. नवी कॉइलसुद्धा डागाळायला लागली होती आणि आता तिच्याही नाकातून रक्त येत होतं. मी म्हणाले, “लर्लीन, सॉकेटच्या बाजूला हातभर चौकोन कापू दे. मी परत बुजवून देईन.” तिनं रॉइसला फोन करायला हात उचलला. मग रुमालाकडे बघितलं आणि हात खाली घेतला.

मिस फिलोच्या पलंगाच्या डोक्याशी मी बोर्ड कापला. भपकन वास आला. आतल्या तांब्याच्या तारा काळ्या झाल्या होत्या, बोटानं चोळलं तर भुकटी पडत होती. मी कापलेला तुकडा उलटा केला.

पाठीवर सुताराच्या जाड पेन्सिलीनं लिहिलं होतं, आईसाठी.

रॉइसचंच अक्षर. लर्लीननं तुकडा माझ्या हातातून ओढून घेतला, छातीशी धरला आणि जमिनीवर बसून हमसून हमसून रडली.

“बघ! बघ झुल्मा! आणि तू त्याच्यावर संशय घेतेस! माझा भाऊ आहे तो, माझा भाऊ!”

आमच्याकडे हे सगळ्यांनी केलं होतं. वादळानंतर घरं पुन्हा उभी करताना भिंती बंद करायच्या आधी आम्ही आत काहीतरी लिहून ठेवलं. कोणी प्रार्थना, कोणी बुडून गेलेल्यांची नावं. माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीत माझ्या नवऱ्याचं नाव आहे. ज्या माणसानं भिंतीच्या पोटात आईचं नाव लिहिलं, त्याला मी चोर ठरवायला निघाले होते.

तरी मी आणखी तीन ठिकाणी कापलं. न्हाणीघरात, आईसाठी. मधल्या खोलीत, आईसाठी. व्हर्नाच्या खोलीत, आईसाठी. लर्लीन प्रत्येक तुकड्याला ओठ लावत होती. पहिला तुकडा तिनं फडक्यात गुंडाळला.

“रविवारी सर्व संतांचा दिवस. आईच्या थडग्यावर ठेवणार मी हा. लोकांना कळू दे.”

घरी जाताना गाडीत मला स्वतःचा राग येत होता. मंगळवार चार दिवसांवर आला होता आणि व्हर्नासाठी माझ्याकडे एक काळं पदक सोडलं तर काही नव्हतं. घरी आले, भांडी घासायला घेतली, आणि हात थांबला. न्हाणीघरातलं ‘आईसाठी’ उलटं होतं. मधल्या खोलीतलंही. चारांपैकी दोन उलटी, आणि चारही बोर्डाच्या एकाच कोपऱ्यात. आशीर्वाद कोणी उलटा टांगतं का? आणि आम्ही लिहिलं ते सगळं लाकडी खांबांवर, एकदाच. बोर्डाच्या पाठीवर, दर बोर्डावर कोण लिहितं?

५

सर्व संतांच्या दिवशी आमचं सगळं गाव कबरस्तानात असतं. आमची थडगी जमिनीवर असतात, छोट्या घरांसारखी. त्यांना चुना लावायचा, शेवंती ठेवायची, शेजारच्या थडग्याच्या लोकांशी भांडायचं आणि मग एकत्र जेवायचं.

मिस फिलोच्या थडग्यावर तो तुकडा मधोमध ठेवला होता. भोवती पिवळी शेवंती. बायका येऊन वाचत होत्या आणि डोळे टिपत होत्या. रॉइस खाली मान घालून उभा. फादरनी त्याच्या पाठीवर थाप मारली. पलीकडच्या ओळीत डेप्युटी कँट्रेल बापाच्या थडग्याला चुना लावत होता. कुंपणाबाहेर व्हर्ना शेवंतीची कुंडी घेऊन उभी होती. रॉइसनं तिला आत यायला मनाई केली होती.

तेवढ्यात नोलन आला. चक्क शुद्धीत, दाढी करून. काखेत बोर्डाचा तुकडा.

“मी पण भिंत कापली,” तो म्हणाला. “लर्लीननं सांगितलं आईचं, मग मला राहवलं नाही. बघा. माझ्यासाठी पण लिहिलंय.”

त्यावर होतं, नोलनसाठी. तोच कोपरा, तीच पेन्सिल.

“रॉइस, मी तुला काय काय बोललोय आयुष्यात,” नोलन म्हणाला आणि भावाच्या गळ्यात पडला. रॉइसचा चेहरा माझ्याकडे होता. तो पांढरा पडला होता, मागच्या चुन्याइतका. तेव्हा माझी खात्री झाली.

“फार चांगलं केलंस, रॉइस,” मी मोठ्यानं म्हणाले. “आईच्या बोर्डांवर आईसाठी, भावाच्या बोर्डांवर नोलनसाठी. तुझ्या स्वतःच्या बोर्डांवर काय लिहिलंयस?”

“आज नको, झुल्मा.”

“एकाच ट्रकमधले ना तिन्ही घरांचे? मग तुझ्यावरही काहीतरी असेल. रॉइससाठी? गेनेलसाठी?”

गेनेल हसली. नवऱ्याचं कौतुक चाललंय असंच तिला वाटत होतं.

“अगं, त्या ट्रकमधले कसले! ते बोर्ड आम्ही महिन्याभरात उखडले. माझं डोकं काय दुखायचं, विचारू नकोस! सडकी अंडी नुसती. माझ्या रॉइसनं एका आठवड्यात स्वतःच्या हातांनी सगळे काढले, दुसरीकडून चांगले आणले. काढलेल्या आणि उरलेल्या बोर्डांचे गॅरेजात दोन ढीग लावून ठेवले होते, नावं घालून, म्हणजे…”

ती थांबली. आजूबाजूची माणसंही थांबली. चुन्याच्या बादलीत ब्रश पडल्याचा आवाज आला.

“म्हणजे घोटाळा नको, की कुठला ढीग कोणाचा,” मी म्हणाले. “एक आईसाठी. एक नोलनसाठी.”

नोलननं भावाच्या गळ्यातले हात सोडले.

“हिचं काय ऐकता?” रॉइस म्हणाला. लोणी गेलं होतं आवाजातलं. “त्या चोरट्या बाईच्या बाजूनं बोलतेय ही! चमचे तिच्या गादीखाली सापडले!”

“सापडले ना. ईस्टरच्या दिवशी होते तितकेच पांढरे. कँट्रेल, इकडे ये. त्या खोलीत व्हर्नाचं पदक आहे, ते बघून ये, कोळसा झालाय. लर्लीनच्या बाळ्या बघ. नोलनचं बक्कल बघ. त्या दोन घरांत चांदी पंधरा दिवस टिकत नाही. चमचे सहा महिने पांढरे राहिले, म्हणजे ते तिसऱ्या घरात होते, जिथं नाताळला एकदा फडकं मारलं की बास होतं.”

“व्हर्नानं घासून ठेवले असतील!”

“कुलूपबंद घरात? चावी तुझ्याकडे असताना? आणि आधी घासले असते तर त्या सहा दिवसांत पदकासारखे काळे झाले असते.” मी त्याच्याजवळ गेले. “भिंती कशा आहेत ते तुला पक्कं माहीत होतं, रॉइस. व्हर्ना चोर ठरली की भिंत फोडा म्हणणारं कोणी उरणार नव्हतं. चांदीचं काय होतं तेही कात्रणात होतं, आईनं तुला वाचून दाखवलं. पण तू जन्मात चमचा घासला नाहीस. चांदी आपोआप चकाकते असं वाटणारा पुरुष तू. दर महिन्याला कोणीतरी सोडा लावून बसतं, हे तुझ्या डोक्यातच आलं नाही.”

कँट्रेलनं हात पुसले. त्यानं रॉइसला काही विचारलं नाही, गेनेलला विचारलं. उशीचा अभ्रा कसा होता ते त्यानं सांगितलं आणि गेनेल खाली बसली. तिच्याच घरच्या पाहुण्यांच्या खोलीतला अभ्रा होता तो. ईस्टरपासून कपाटात एक गाठोडं होतं, रॉइस म्हणाला होता की आईनं सांभाळायला दिलंय, उघडू नकोस. तिनं उघडलं नव्हतं.

६

मंगळवारी व्हर्नावरचा खटला काढून टाकला. सर्टिफिकेट वाचलं. तिला नवा पेशंट मिळाला, आणि तो तिच्यावर चोवीस तास खेकसतो म्हणून ती मजेत आहे. पदक तिनं नेलं, पण अजून घासलेलं नाही.

रॉइसला शिक्षा झाली ती चमच्यांची आणि खोट्या तक्रारीची. भिंतींची झाली नाही. वकील म्हणाले, बोर्डामुळे म्हातारी मेली हे सिद्ध होत नाही, हृदय कमकुवत होतं. असेलही. मी डॉक्टर नाही. मला एवढंच माहीत आहे की ती दोन वर्षं नाकाला रुमाल लावून झोपली, आणि ज्यानं तिला तिथं झोपवलं तोच तिला वेडी म्हणत होता. आम्ही हसत होतो.

त्या रविवारी कँट्रेल रॉइसला घेऊन गेल्यावर कबरस्तानात फारसं कोणी उरलं नाही. व्हर्नानं आत येऊन कुंडी ठेवली आणि निघून गेली. नोलननं आपला तुकडा कुंपणावर आपटून आपटून फोडला. मी थडग्यावरचा तुकडा उचलायला वाकले तर लर्लीननं माझा हात धरला.

“राहू दे.”

“लर्लीन, अगं ते…”

“कळलंय मला ते काय आहे.” तिनं नाक पुसलं. “मला सर्दीबिर्दी काही नव्हती, झुल्मा. मलाही वास यायचा. पहिल्या दिवसापासून यायचा. ती विचारायची आणि मी नाही म्हणायचे.”

तिनं माझ्या खिशातली पेन्सिल काढून घेतली. तुकडा गुडघ्यावर ठेवला आणि ‘आईसाठी’च्या खाली सावकाश, शाळेतल्यासारख्या अक्षरात लिहिलं, ‘रॉइस आणि लर्लीनकडून’. मग तो परत शेवंतीच्या मधोमध ठेवला.

जिप्समचा बोर्ड पावसात टिकत नाही. म्हणून तिनं त्यावर काच बसवून घेतली आहे. दर वर्षी ती थडग्याला चुना लावते, काच पुसते, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते वाचू देते.